रिअल प्लेअर कुणी बुडवला?

जुन्या सीडीवरची रिअल प्लेअरची ‘डॉट आरएम’ फाइल उघडेना झाली की हा प्रश्न हमखास येतो : इंटरनेटवरून गाणी वाजवणाऱ्या या प्लेअरला मायक्रोसॉफ्टनंच मारलं ना? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं तो काढणाऱ्या कंपनीचे संस्थापक रॉब ग्लेसर यांच्या नावे टाकावं लागतं.

ग्लेसर मूळचे मायक्रोसॉफ्टचेच. तिथे दहा वर्षं काढून त्यांनी १९९४ मध्ये सिएटलला स्वतःची कंपनी काढली. पुढच्याच वर्षी रिअल प्लेअरचा पूर्वावतार, रिअल ऑडिओ आला. फोनच्या तारेवरून सेकंदाला १४.४ किलोबिट आणणाऱ्या मोडेमवरून जावा म्हणून आवाज सेकंदाला ८ किलोबिटवर दाबलेला, म्हणजे मिनिटाला जेमतेम ६० केबी. गाणं फोनवरून ऐकल्यासारखं वाटे, पण अख्खी फाइल उतरेपर्यंत ताटकळावं लागत नसे. प्लेअर फुकट, पैसे गाणी पाठवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरचे. मग मायक्रोसॉफ्टनं स्वतःचा प्लेअर विंडोजमध्ये घातला आणि सर्व्हरही विंडोज एनटीसोबत फुकट दिला. धंद्याच्या मुळावरच घाव! ग्लेसर यांनी १९९८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, २००३ मध्ये खटला भरला आणि २००५ मध्ये ७६.१ कोटी डॉलरची तडजोड पदरात पाडून घेतली.

पण ग्राहकाशी ते स्वतः कसे वागले? संगणकावर गाणी साठवून वाजवणारा त्यांचा रिअल ज्यूकबॉक्स तुम्ही कोणती सीडी लावलीत हे एका ओळख-क्रमांकासह गुपचूप कंपनीला कळवत होता. १९९९ मध्ये हे उघड झाल्यावर घाईघाईनं दुरुस्ती काढावी लागली. फुकट प्लेअरचा दुवा पानावर शोधून काढावा लागे, इन्स्टॉल करताना नको त्या पर्यायांवर खुणा आधीच केलेल्या, आणि नंतर कोपऱ्यातून जाहिराती उसळत. लोक कंटाळले ते याला.

२००४ मध्ये हार्मनी नावाचं सॉफ्टवेअर काढून त्यांनी आपली गाणी ॲपलच्या आयपॉडवर चढवली. ॲपलनं आयपॉडच्या आतलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) बदलून ती बंद पाडली. इथे मात्र माझी सहानुभूती ग्लेसर यांनाच. डीव्हीडीची प्रत काढणारं रिअल डीव्हीडी २००९ मध्ये न्यायालयानं रोखलं.

तुमच्या सीडीचं म्हणाल, तर ‘आरएम’ फाइल बहुधा व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये वाजेल. ‘डॉट रॅम’ असेल तर आधी नोटपॅडमध्ये उघडा. आत फक्त एका ओळीचा पत्ता असतो. गाणं त्या सर्व्हरवरच राहिलं.