किनवट-माहूरची फेरी: दवाखान्यांच्या छतावरचं सोलर बघायला जाणार असाल तर

ओळखीतल्या काही जणांनी एका आरोग्य उपकेंद्राला सोलर बसवून द्यायला पैसे जमवले होते. ते नेमके कशावर खर्च करावेत हे ठरायचं होतं, म्हणून दिवाळीनंतर आम्ही तिघं नांदेड जिल्ह्याच्या त्या टोकाला जाऊन आलो. आणखी दोन-तीन गटांनी विचारणा केली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. दवाखान्यांची नावं मुद्दाम देत नाही. तिथली माणसं आहे त्यात काम भागवतात, त्यांना उगाच नोटिसा नकोत.

नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर असा रस्ता धरा. रेल्वेनं यायचं तर मुदखेड-आदिलाबाद मार्गावर किनवट स्टेशन आहे, नंदीग्राम एक्सप्रेस तिथं थांबते. पण पुढं तांडे आणि गुडे अशा वस्त्या फिरायला स्वतःची गाडी हवीच. पेट्रोल किनवटला भरून घ्या. इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा वाटेवर आहे, पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर थांबण्यासारखा. सीमेजवळच्या गावांत मोबाईल तेलंगणातला टॉवर पकडतो आणि फोनमधली बाई तेलुगूत बोलायला लागते. पत्ते आधीच कागदावर लिहून घ्या.

निघण्याआधी परवानगी, आणि इथंच बहुतेकांचा आठवडा जातो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडं, म्हणजे पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावानं आणि प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतं. एकाच्या पत्रावर दुसरीकडं कुणी आत घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. लसीकरणाच्या दिवशी आणि गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका. बाजाराच्या दिवशी ओपीडी दुपारपर्यंत हटत नाही, सिस्टरला तुमच्याशी बोलायला सवड कुठून मिळणार?

वाटेत जिथं थांबलो तिथं पहिला प्रश्न एकच: "पंपाचं करायलाव का काय?" सध्या सोलर म्हटलं की या भागात सौर कृषी पंपच डोळ्यांपुढं येतो. दवाखान्याचं म्हटल्यावर लोक जरा निराश होतात, मग चहा पाजतात.

आता मुद्द्याचं. छतावर पॅनल दिसलं म्हणजे दवाखान्यात लाईट आहे असं समजू नका. पॅनलपासून निघालेली वायर कुठं जाते ते डोळ्यांनी बघत खाली या. आमच्या फेरीचं सार एवढंच होतं. एका आरोग्य केंद्रावर मोठी, चकाचक सिस्टीम होती, वीजबिलही कमी झालेलं. पण लाईट गेली की तिथंही अंधारच. कारण ती ऑन-ग्रिड होती, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेली, बॅटरी नव्हती. महावितरणचा पुरवठा गेला की अशा सिस्टीमचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला छतावरून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून तो मुद्दाम तसाच बनवतात. म्हणजे भर दुपारी, कडक उन्हात, पॅनल तापून लाल आणि प्रसूतीगृहात मोबाईलचा टॉर्च. तिथल्या मॅडमनी हे हसत सांगितलं, पण गंमत म्हणून नव्हे. बिल वाचवायचं असेल तर ऑन-ग्रिड उत्तम आहे. रात्रीच्या बाळंतपणासाठी हवं असेल तर बॅटरीसह हायब्रीड (लाईन आणि बॅटरी दोन्ही) किंवा ऑफ-ग्रिडच (लाईनशिवाय चालणारं) लागतं. देणगी देणाऱ्यानं पहिल्या बैठकीतच हे विचारावं, कारण विकणारा ते स्वतःहून सांगतोच असं नाही.

याच्या उलट चित्र माहूरच्या बाजूला एका छोट्या उपकेंद्रात बघितलं. छतावर जेमतेम एक किलोवॅट, पण बोर्ड नीट. प्रसूतीच्या खोलीतल्या स्विचबोर्डावर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचे तुकडे चिकटवलेले, त्यावर बॉलपेननं लिहिलेलं: वरच्या रांगेला 'सोलर', खालच्या रांगेला 'लाईट'. वरच्या रांगेत टेबलावरचा दिवा, सक्शन मशीन, बाळाचा वॉर्मर आणि एक पंखा. ऑटोक्लेव्ह (उपकरणं निर्जंतुक करायचं यंत्र) आणि पाण्याची मोटर खालच्या रांगेत. सिस्टर म्हणाल्या, "नवीन माणूस आला की पहिलं हे बोर्ड दाखवते, मग रजिस्टर." वायरमननं दिलेल्या ड्रॉइंगपेक्षा मला ती चिकटपट्टी जास्त भरवशाची वाटली.

हिशेब सोपा आहे, तिथं बसून सिस्टरबरोबरच मांडा. सहा एलईडी बल्ब रोज सहा तास चालले तर पाव-अर्धा युनिट. जुने पंखे ७०-७५ वॅट खातात, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे नवे पंखे ३० च्या आसपास. तीन पंखे आठ तास धरले तर नुसत्या पंख्यांत रोजचा एक युनिट वाचतो, म्हणून पॅनल वाढवण्याआधी पंखे बदला. खरा खादाड म्हणजे बाळाला ऊब देणारा रेडियंट वॉर्मर: सहाशे वॅटच्या घरातला, दोन तास चालला की सव्वा युनिट गेला. आपल्याकडं एक किलोवॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण चार युनिट देतं, झडीच्या दिवसांत त्याच्या निम्मं किंवा कमीच. बॅटरीचंही तसंच. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर ३.६ युनिट, पण लेड-ॲसिड असतील तर निम्म्याच्या खाली उतरवायच्या नाहीत. हातात उरले पावणेदोन. एका रात्री दोन बाळंतपणं आली की तुमचा कागदावरचा हिशेब संपला.

लसींच्या फ्रिजबद्दल बाहेरचे लोक फार काळजी करतात, आम्हीही तोच प्रश्न घेऊन गेलो होतो. आरोग्य केंद्रात लसींचा जो फ्रिज, म्हणजे आयएलआर (आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर), असतो त्याच्या आतच बर्फाचं अस्तर असतं. चोवीस तासांत आठेक तास वीज मिळाली तरी तो २ ते ८ अंश सांभाळतो, झाकण उगाच उघडलं नाही तर. त्यामुळं त्याला आधी चांगला स्टॅबिलायझर द्या. इथं लाईट जाण्याइतकाच त्रास लाईट डीम होण्याचा आहे. जिथं वीज तेवढीही येत नाही तिथं सोलर डायरेक्ट ड्राइव्ह फ्रिज मिळतात. त्यांना बॅटरी नसते, दिवसा ऊन असताना बर्फ गोठवून ठेवायचा आणि रात्र त्यावर काढायची.

उलट गोठण्याची भीती बाहेरच्या कुणाला ठाऊक नसते. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी गोठल्या की कामातून गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या सत्राची तयारी चालली होती आणि एक आरोग्य सेविका आशाताईला आईसपॅक कसा घ्यायचा ते दाखवत होत्या. डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक टेबलावर ठेवायचा, थोड्या वेळानं कानाशी नेऊन हलवायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच कॅरियरमध्ये, म्हणजे लसी न्यायच्या डब्यात, भरायचा. चार पॅक, चारही कानाशी नेऊन. लस नसली तरी सराव सुरू.

बॅटऱ्या कुठं ठेवल्यात ते आवर्जून बघा. एका ठिकाणी त्या स्टोअररूममध्ये होत्या, खिडकी बंद, शेजारी स्पिरिटचे खोके आणि कापसाचे गठ्ठे. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला वारा हवा. शिवाय उष्णता. दहा अंशांनी तापमान वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल ते सांगायला नको. उत्तरेकडची, खिडकी असलेली खोली मागून घ्या. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचली असेल तर समजा, बॅटरीच्या देखभालीकडं कुणी बघितलेलं नाही. पैसे असतील तर सरळ लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या. सुरुवातीला महाग पडते, पण पाणी घालायची कटकट नाही आणि जास्त वर्षं टिकते.

उन्हाचा आणखी एक फटका: पॅनलला ऊन हवं, ताप नको. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागं साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते आणि उन्हाळ्यात काच ६५ अंशांवर जाते. म्हणून पॅनल छताला चिकटवू नका, खालून वारा खेळू द्या. तोंड दक्षिणेला, उतार वीस अंशांच्या आसपास. धुवायचं ते सकाळी आठच्या आत, तापलेल्या काचेवर गार पाणी नाही. बोअरचं पाणी जड असतं, पांढरे डाग राहतात. ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुरतं.

आणि माकडं. माहूरच्या डोंगरात वानरांची टोळी पॅनलवर येऊन बसते, वायर ओढते. उघड्या वायरी पाइपातून घ्या, जंक्शन बॉक्सला जाळी लावा. एका उपकेंद्राच्या अंगणात चिंचेचं झाड होतं, तिसऱ्या प्रहरी त्याची सावली दोन पॅनलांवर यायची. मालिकेत जोडलेल्या पॅनलांपैकी एकावर सावली आली तरी सगळ्यांची वीज घटते. झाड तोडा असं म्हणायची आमची छाती झाली नाही, बाळंतिणीचे नातेवाईक त्याच सावलीत बसले होते. पॅनल दुसऱ्या कोपऱ्याला सरकवा असं सुचवून आलो.

वीज पडण्याचा धोका इथं खरा आहे, मृगाच्या आधीचे वळीव बघितलेत त्यांना माहीत आहे. लाइटनिंग अरेस्टर (वीजरोधक) आणि वेगळं अर्थिंग अंदाजपत्रकात आधीच धरा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम कुणाचं, तेही ठरवून घ्या.

सगळ्यात अवघड भाग पैशाचा नाही, मागाहून बघणाऱ्याचा आहे. पाच वर्षांचा देखभाल करार खरेदीतच बांधून घ्या आणि शेवटचा हप्ता तेवढा मागं ठेवा. फ्यूज, पाणी, फडकं असल्या किरकोळ खर्चाला आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीतून पैसे निघू शकतात. पण बैठकीत विषय घेऊन इतिवृत्तात नोंद झाली पाहिजे, तोंडी 'बघू' वर थांबू नका. बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा ते पैसे कुठून येतील हे आजच लिहून ठेवलेलं बरं. बिघाडाचा फोन कुणाला करायचा तो नंबर बोर्डाजवळ रंगानं लिहून घ्या. कागद टिकत नाही.

आम्ही शेवटी ठरवलं ते असं: एका उपकेंद्राला दोन किलोवॅट, लिथियम बॅटरी, बीएलडीसी पंखे, आणि प्रसूतीच्या खोलीचं वायरिंग नव्यानं. बाहेरच्या दिव्यासाठी वेगळा, स्वतःच्या बॅटरीचा सौर दिवा, म्हणजे रात्री १०२ ची रुग्णवाहिका आली तर फाटकापाशी उजेड. फलकावर नाव किती मोठं असावं यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.

तुम्ही जाणार असाल तर एक मल्टिमीटर, टॉर्च, मोजपट्टी आणि होकायंत्र बरोबर ठेवा (पत्र्याजवळ ते भलतीकडं दाखवू शकतं). रुग्णांचे फोटो काढू नका. बसवून झाल्यावर जुलैत, चार दिवस ऊन पडलं नसेल तेव्हा, सिस्टरला एक फोन करा आणि विचारा: काल रात्री टेबलावरचा दिवा किती वाजेपर्यंत टिकला?