डिसेंबरची पोरं

दिवाळीचे किल्ले अजून दारोदारी उभे असतात, मावळे आडवे झालेले, पेरलेलं अळीव पिवळं पडलेलं, आणि तेवढ्यात आमच्याकडं आधार कार्डांच्या झेरॉक्स यायला लागतात. पोरांची फुटबॉल लीग, थंडीतली. अर्ज, दोन फोटो आणि वयाचा पुरावा म्हणून ही झेरॉक्स. एकीच्या पाठीमागं किराण्याची यादी (तूरडाळ १ किलो, उदबत्ती, साबण मोठा), एकीवर चहाच्या कपाचा गोल, आणि एखाद्या बहाद्दरानं चुकून बापाचीच झेरॉक्स जोडलेली. बारा वर्षांखालच्या गटात चाळिशी उलटलेला लेफ्ट बॅक! कोल्हापूर आहे, बोलावलं असतं तर गडी बूट घालून आलाही असता.

परवा दुपारी जेवण झाल्यावर गच्चीत ऊन खात हा गठ्ठा लावत बसलो होतो. गट जन्मसालावर पडतात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, एका सालचे सगळे एका टोपलीत. पोरं बघून बघून पाठ झालेली, त्यामुळं तारीख वाचली की पोरगं डोळ्यांसमोर पळायला लागतं. ११ जानेवारी, हा हेड मारताना उडीसुद्धा मारत नाही. २ फेब्रुवारी, ह्याचा आवाज फुटलाय, रेफ्रीशी वाद घालतो तेव्हा रेफ्रीच लहान वाटतो. आणि ज्याच्या चड्डीची नाडी दोन वेढे देऊन बांधावी लागते तो २३ डिसेंबर. गोलमध्ये उभा केला की वरच्या दांडीकडं बघून ज्याचं तोंड उतरतं, तो नोव्हेंबर अखेरचा. मी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून चाळला. गटातली सगळी चिल्लीपिल्ली वर्षाच्या शेपटाला लागलेली.

दहा वर्षांच्या पोराला अकरा महिने म्हणजे जवळपास आयुष्याचा दहावा हिस्सा. पन्नाशीतल्या दोन माणसांत अकरा महिन्यांचं अंतर असलं तर मोठा कोण, हे मटण वाढतानाही कुणी विचारत नाही. कॅनडात १९८० च्या दशकात बर्फावरच्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा अशाच लावून बघितल्या होत्या. वरच्या संघांत जानेवारी-फेब्रुवारी-मार्चची गर्दी आणि वर्षाच्या शेवटाकडं शुकशुकाट. अंगानं मोठा म्हणून निवडला, निवडला म्हणून खेळायला जास्त मिळालं, जास्त खेळला म्हणून खेळ सुधारला. मग सगळे म्हणायला मोकळे, उपजतच आहे हो त्याच्यात.

आमच्या वडिलांच्या पिढीत ही भानगडच नव्हती. निम्मी पेठ १ जूनला जन्मलेली. मास्तर म्हणायचे, हात डोक्यावरून घेऊन पलीकडच्या कानाला लाव. लागला, की पोरगं सहा वर्षांचं आणि जन्म १ जूनचा. हसू नका. फिफासुद्धा २००९ पासून सतरा वर्षांखालच्या स्पर्धांत मनगटाचा एमआरआय काढून वय ताडते. आमच्या मास्तरांचं कानावर भागायचं, एवढाच फरक.

२०१७ साली सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेलीच पोरं चालणार होती. आपल्या कोल्हापूरचा फॉरवर्ड अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. तो जुलैचा, म्हणजे धड जानेवारीचाही नाही आणि डिसेंबरचाही नाही, माझ्या हिशेबाला निरुपयोगी. त्या थंडीत मात्र आमच्याकडं प्रत्येकाला फॉरवर्डच खेळायचं होतं. गोली मिळेना. शेवटी गोली होणाऱ्याला सामन्यानंतर राजगिऱ्याचे दोन लाडू जादा, असं जाहीर करावं लागलं.

मी स्वतः डिसेंबरचा, हे आता सांगायला हरकत नाही.

आईचं माहेर शिवाजी पेठ, आमचं घर मंगळवार पेठेत. कोल्हापूरच्या बाहेरच्याला ह्यात काही वावगं दिसणार नाही. इथं कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले आणि पेठांनी ते पोटच्या पोरासारखे वाढवले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की आमच्या घरात आदल्या दिवसापासून आई-वडील एकमेकांशी कामापुरतंच बोलत. एकदा मामा मला सामन्याला घेऊन गेला. गर्दी ही, मी एवढासा, पुढं नुसत्या पाठी. मामानं उचलून खांद्यावर घेतलं. तिथून अख्खं मैदान दिसलं, पलीकडच्या टोकाचा गोली कंबरेवर हात ठेवून उभा होता तोसुद्धा. तेवढ्यात पाटाकडीलनं डावीकडून चेंडू आणला, एक मागं टाकला, दुसरा मागं टाकला, आणि गोल! मी मामाच्या खांद्यावर, म्हणजे खुद्द शिवाजी पेठेच्या खांद्यावर बसून, दोन्ही हात वर करून ओरडलो. मामा एक शब्द बोलला नाही. त्यानं मला अलगद खाली उतरवलं. उरलेला सामना मी एका मळक्या बंडीकडं बघत काढला. घरी जाताना त्यानं वडा खायला घातला, पण स्वतः खाल्ला नाही.

ते स्टेडियम उभं आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ. तळी बुजवून मैदानं झाली, पण पाण्याला ते अजून पटलेलं नाही. पावसाळ्यात गांधी मैदानावर ते आपलं परत येऊन बसतं. म्हणून आमचा सगळा खेळ थंडीचा. पाऊस संपून जमीन वाळली की सुरू, आणि वार्षिक परीक्षेची चाहूल लागायच्या आत उरकायचा.

ऐकायला भरपूर वेळ वाटतो, पण रविवार उरतात किती? तुळशीचं लग्न झालं की माणसांची सुरू होतात, मग फुलबॅक मावशीच्या लग्नाला इचलकरंजीला. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं. आमचा एक सेंटर हाफ गालावर मिशा रंगवलेल्या अवस्थेत, तालमीतून (नाटकाच्या, फुटबॉलच्या नव्हे) थेट मैदानावर आला होता. सहली असतात. उपनगरातून येणारा संघ उसाच्या ट्रॉलीमागं अडकतो आणि प्रतिस्पर्ध्यांना फुकटचे तीन गुण हवे असतात. मी देत नाही. ऊस ही कोल्हापुरात अपरिहार्य परिस्थिती आहे, आणि तसा नियमच मी लिहून ठेवलाय.

सकाळी साडेसहाला फक्की मारायला जातो तेव्हा मैदानावर मी, एक म्हातारं कुत्रं आणि कुठूनतरी येणारा गुऱ्हाळाचा वास. गवतावर दव असतं, फक्की चांगली धरते. रेषा सरळ यावी म्हणून दोन खिळ्यांना सुतळी बांधतो. ह्या कामात मी कुणाला हात लावू देत नाही. रेषा वाकडी आली की मला सामना बघवत नाही, नजर सारखी तिथंच जाते. बायको म्हणते, घरातल्या भिंतीला पोपडे आलेत ते बरं तुम्हाला दिसत नाहीत.

तीच सुतळी नंतर कडेनं बांधतो, आईबापांसाठी. लहान पोरं खेळताना चेंडू जिकडं तिकडं चौदाच्या चौदा, हे समजू शकतं. पण सुतळीबाहेर बापही चेंडूबरोबर पळत असतात. "पास दे की लका!" "घाल, आडवा घाल!" एवढ्या सूचना ऐकून पोरगं मधेच थांबतं आणि बापाकडं बघतं, तोवर चेंडू गेलेला असतो. खरं तर ही माणसं पोराला ओरडत नसतात. ती शाहू स्टेडियमवर, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सुटलेल्या कुठल्यातरी गोलाला ओरडत असतात.

आमच्याकडं प्रत्येक पोराला निदान अर्धा सामना मैदानात मिळालाच पाहिजे. त्यावर दर थंडीत एक तरी बाप चहाच्या टपरीवर मला गाठतो. "सर, बारक्याला काढा आणि आमच्याला ठेवा, मॅच जाईल." मॅच जाते, बऱ्याचदा जातेच. मी चहाचे पैसे देतो आणि निघतो.

तर गच्चीवरच्या त्या शोधानंतर माझ्या डोक्यात आलं की तारीख सोडावी, उंचीवर गट पाडावेत. काही नवीन नाही ह्यात. बंगालात पूर्वी चार फूट दहा इंचांखालच्या पोरांच्या स्पर्धा व्हायच्याच. एका रविवारी भिंतीवर विटकरीनं रेघ मारली आणि सगळ्यांना पाठ टेकवून उभं केलं. जानेवारीवाल्यांच्या लगेच लक्षात आलं की रेघेखाली राहिलं तर गोलांचा पाऊस पाडता येईल. सगळे गुडघ्यात वाकले. आणि डिसेंबरवाले? ते टाचा उचलून चवड्यांवर उभे. नाडीच्या दोन वेढ्यांवाला तर श्वास रोखून, मान ताणून, लालबुंद होऊन. त्याला मोठ्यांच्यातच खेळायचं होतं. मी ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यांनाच तो नको होता. रेघ पुसली. त्या दिवशी त्यानं एका उंच पोराच्या पायांमधून चेंडू काढला आणि पुढं जाऊन बाहेर मारला. रेफ्रीचं काम करणारा कॉलेजचा पोरगा मिसळ खाताना मला म्हणाला, "सर, तुम्ही लई विचार करता."

करत असेन. चौदा वर्षांखालच्या गटात डावीकडून पळणारी एक पोरगी होती. ९ जानेवारी. माझ्या हिशेबानं सगळ्यांत पहिला नंबर लागावा अशी तारीख. उंच, पल्लेदार, तिच्या मागं लागलेली पोरं निम्म्यातच पळणं सोडून द्यायची. मागच्या रविवारी ती आली नाही, तिची आई आली. हातात कापडी पिशवी, आत बूट आणि शिन गार्ड, दोन्ही धुतलेलं.

"म्हटलं, मीच सांगून येतो, सर. आता मोठी झाली ती. घरात बरं दिसत नाही म्हणतात."

"वहिनी, तिच्याएवढं कुणी पळत नाही इथं."

"ठाऊक हाय की. मी बघितलोय नव्हं, त्या झाडामागं थांबून." मग पिशवी माझ्याकडं सरकवत त्या म्हणाल्या, "बूट चांगले आहेत. कुणाला बसले तर द्या."

बूट पाच नंबरचे आहेत. मोठ्या पोरांना होत नाहीत आणि बारक्यांना ढगळ होतात. येत्या रविवारी सामना आहे, डावीकडून कुणाला खेळवायचं ते अजून ठरलेलं नाही.