न घेतलेले कर्ज माझ्या नावावरून काढताना

लोकांच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण क्रेडिट रिपोर्ट विनामूल्य मिळण्याची सोय रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून केलेली आहे. ती मी नेमाने वापरत असल्यामुळे, माझ्या पॅनवर एका वित्तसंस्थेचे वैयक्तिक कर्ज थकीत दिसत असल्याचे वसुलीचा फोन येण्याआधीच माझ्या लक्षात आले.

ग्राहकसेवेकडून 'पॅन तुमचा आहे, म्हणजे कर्जही तुमचेच' एवढेच उत्तर मिळाले. तेव्हा फोनवरचा वाद थांबवून मी लेखी तक्रार केली आणि कर्जाचा अर्ज, केवायसीची कागदपत्रे, अर्जातील मोबाइल क्रमांक आणि रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील मागितला. संपूर्ण प्रकरणात हीच मागणी निर्णायक ठरली, असे माझे मत आहे. 'मी कर्ज घेतले नाही' हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. पण छायाचित्र दुसऱ्याचे, मोबाइल दुसऱ्याचा आणि खातेही दुसऱ्याचेच आहे, हे त्यांच्याच कागदांवरून दाखवता येते.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवताना मी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी चा उल्लेख केला. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः खात्यातून गेलेले पैसे वाटेतच रोखण्यासाठी असल्याने माझ्या बाबतीत तिचा फारसा उपयोग नव्हता.

पतमाहिती कंपनी वित्तसंस्थेच्या दुजोऱ्याशिवाय नोंद बदलत नाही, त्यामुळे तक्रार दोन्हीकडे करावी लागते. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. माझ्या पत्रात या नियमाचा उल्लेख आल्यावर उत्तरांचा सूर बराच बदलला. अर्थात त्यासाठी तक्रारीचा क्रमांक आणि तारीख हाताशी हवी, कारण मुदत तिथूनच मोजली जाते. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते; माझ्यावर ती वेळ आली नाही.

दरम्यान मी आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, प्रत देताना केवळ शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार देऊ लागलो आणि संचार साथी पोर्टलवर माझ्या नावाने किती मोबाइल जोडण्या आहेत ते तपासले. पॅनला मात्र असे कुलूप नाही, आणि तो क्रमांक इतक्या अर्जांवर लिहिलेला असतो की तो गुप्त राहील असे मानणेच चूक आहे.

वित्तसंस्थेने अखेर कर्ज माझे नसल्याचे पत्र दिले. त्यानंतर मी चारही पतमाहिती कंपन्यांचे रिपोर्ट पुन्हा मागवले, तेव्हा एका रिपोर्टमधून कर्ज गेले होते, परंतु त्या अर्जावेळी झालेल्या चौकशीची (म्हणजे वित्तसंस्थेने माझी पतमाहिती मागवल्याची) नोंद तशीच होती. तिच्यासाठी तेच पत्र जोडून स्वतंत्र तक्रार करावी लागली.