एक्क्याण्णवावा दिवस: मार्चअखेरच्या एनपीए वर्गीकरणाचा माझा अनुभव

नागरी सहकारी बँकेच्या कर्ज देखरेख विभागात मार्च महिना एकाच कामात जातो. ३१ तारखेच्या डे-एंडला, म्हणजे दिवसअखेरच्या संगणकीय प्रक्रियेत, प्रत्येक कर्जखातं नियमित की एनपीए (थकून अनुत्पादक झालेलं), ज्या वर्गात बसायला हवं, त्याच वर्गात बसेल याची खात्री करायची. वर्ग हल्ली सीबीएसच (बँकेची मुख्य संगणक प्रणाली) लावतं, हाताने लावायचे दिवस गेले. पण सीबीएसला जे भरून दिलंय तेवढंच ते मोजतं. हप्त्याची तारीख चुकीची पडली असेल, तारणाचं मूल्य पाच वर्षांपूर्वीचं असेल किंवा एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक असतील, तर वर्गही चुकतो. ते पुढे लेखापरीक्षकांना सापडतं आणि ताळेबंदात दाखवलेला नफा कमी करावा लागतो. म्हणून मी फेब्रुवारीच्या शेवटापासून यादी हातात घेतो.

पहिली गोष्ट दिवसांची. काउंटरवर, वसुलीला गेल्यावर, अगदी शाखा व्यवस्थापकाच्या तोंडीही ‘तीन हप्ते थकले की एनपीए’ हेच वाक्य असतं. नियम हप्त्यांचा नाही, दिवसांचा आहे. मुदत कर्जाचं व्याज किंवा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए. हे दिवस मोजायचे कसे, ते रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात उदाहरण देऊन सांगितलंय. ३१ मार्च २०२१ चा हप्ता त्या दिवशीच्या डे-एंडपर्यंत आला नाही तर खातं त्याच दिवशी थकीत. ३० एप्रिलला ते एसएमए-१ (एसएमए म्हणजे एनपीएआधीचे इशाऱ्याचे टप्पे), ३० मेला एसएमए-२ आणि २९ जूनला एनपीए. बोटं मोजून पाहा. देय तारीख हाच पहिला दिवस धरला की २९ जून हा एक्क्याण्णवावा येतो. देय तारीख सोडून मोजणारे सगळे एका दिवसाने चुकतात.

मार्चअखेरीला हा एक दिवस फार मोठा ठरतो. ३१ डिसेंबरच्या हप्त्याचा एक्क्याण्णवावा दिवस नेमका ३१ मार्च. फेब्रुवारी २९ दिवसांचा असला तर ३० मार्चलाच खातं जातं. आणि १ जानेवारीचा हप्ता थकला असेल तर साध्या वर्षी ३१ मार्चला नव्वदच दिवस भरतात, खातं वाचतं. त्यामुळे मी यादी रकमेने लावत नाही, सगळ्यात जुन्या थकीत हप्त्याच्या तारखेने लावतो.

एक खातं जवळून दाखवतो. पिठाच्या गिरणीसाठी घेतलेलं मुदत कर्ज, बाकी ₹६,४०,०००, हप्ता ₹१८,५०० आणि तो दर महिन्याच्या अखेरीस. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन हप्ते थकलेले. शाखेने सांगितल्याप्रमाणे कर्जदाराने २९ मार्चला बरोबर ₹१८,५०० भरले आणि शाखेने यादीत ‘वसूल’ असा शेरा मारला. प्रत्यक्षात तीनदा परत गेलेल्या ऑटो-डेबिटचे जीएसटीसह प्रत्येकी ₹२९५, म्हणजे ₹८८५ आकार खात्यावर आधीच पडलेला होता. आमच्याकडे जमा रकमेतून आधी आकार, मग व्याज, मग मुद्दल असा क्रम लावलेला आहे. म्हणजे डिसेंबरचा हप्ता ₹८८५ ने अपुराच राहिला. अपुरा हप्ता हा थकीतच हप्ता. ३१ मार्चला दुपारी मी जमेची पावती बाजूला ठेवून थकबाकीचं विवरण उघडलं तेव्हा हे दिसलं.

त्या दिवशी डे-एंडच्या आत ₹८८५ आले तर सगळ्यात जुना थकीत हप्ता ३१ जानेवारीचा राहतो. त्याचा तो साठावा दिवस, म्हणून खातं एसएमए-१, पण उत्तम वर्गातच, म्हणजे एनपीए नाही. तरतूद (कर्ज बुडालं तर म्हणून नफ्यातून बाजूला ठेवायची रक्कम) लघुउद्योगाच्या दराने ०.२५ टक्के, म्हणजे ₹१,६००. ते आले नाहीत तर खातं दुय्यम या एनपीएच्या पहिल्या वर्गात जातं, तरतूद १० टक्के, म्हणजे ₹६४,०००. आणि कर्जदाराची अडचण त्याहून मोठी. एकदा एनपीए झाल्यावर एक हप्ता भरून बाहेर येता येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. जानेवारी, फेब्रुवारी आणि त्याच दिवशी देय झालेला मार्च असे तीन हप्ते अधिक ते ₹८८५, म्हणजे ₹५६,३८५. दुपारी ₹८८५ चा प्रश्न असतो, रात्री तोच साडेछप्पन्न हजारांच्या घरात जातो. शाखेतल्या माणसाने कर्जदाराला ‘एक हप्ता भरा’ असं सांगू नये. विवरणातला रुपया-पैशांचा आकडा सांगावा, आणि तो त्या दिवशीचाच असावा.

कॅश क्रेडिटला, म्हणजे लिमिटपर्यंत हवी तेव्हा उचल करायच्या खात्याला, हप्ता नसतो, म्हणून तिथे गोंधळ जास्त. ‘माझं लिमिट २० लाखांचं, बाकी साडेसतरा लाख, मग खातं बिघडलं कसं?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. बाकीची तुलना लिमिट आणि ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणी यांवरून निघणारी उचलीची मर्यादा) यांत जे कमी असेल त्याच्याशी होते. समजा माल १६ लाखांचा, त्यातले ४ लाख व्यापाऱ्यांचे देणे. उरले १२ लाख, २५ टक्के मार्जिन सोडून ९ लाख. येणी ८ लाख, ४० टक्के मार्जिन सोडून ४.८ लाख. ड्रॉइंग पॉवर झाली १३.८ लाख. म्हणजे हे खातं ३.७ लाखांनी वर आहे आणि सलग ९० दिवस असंच राहिलं तर एनपीए. बाकी मर्यादेत असली तरी ९० दिवसांत जमाच नसेल, किंवा झालेली जमा त्या काळात लावलेल्या व्याजाला पुरत नसेल, तरीही तेच. साडेसतरा लाखांवर १२ टक्क्यांनी महिन्याला ₹१७,५०० व्याज लागतं, म्हणजे तीन महिन्यांत निदान ₹५२,५०० जमा हवेत.

स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे कर्जदाराने बँकेला द्यायचं माल-येण्यांचं विवरण, हा याच खात्यांचा दुसरा खड्डा. तीन महिन्यांपेक्षा जुन्या विवरणावर काढलेली ड्रॉइंग पॉवर अनियमित धरतात, आणि तशीच उचल ९० दिवस चालली तर खातं जातं, मग धंदा कितीही जोरात असो. लिमिटचं नूतनीकरण देय तारखेपासून १८० दिवसांत झालं नाही तरी खातं जातं. या दोन कारणांनी चांगली खाती गेलेली पाहिली की वाईट वाटतं, कारण पैसा अडकलेला नसतो, कागद अडकलेला असतो. मी जानेवारीतच अशा खात्यांची वेगळी यादी शाखांना पाठवतो.

३० मार्चला मोठी रक्कम जमा आणि २ एप्रिलला तेवढीच उचल, हा प्रकार लेखापरीक्षक सगळ्यात आधी शोधतात. ताळेबंदाच्या तोंडावर एखाद-दुसरी जमा दाखवून खातं सरळ केलेलं असेल आणि मूळ दुखणं तसंच असेल, तर ते एनपीएच धरायचं असतं. जमा कुठून आली ते मी स्वतः बघतो. आपल्याच बँकेच्या नव्या कर्जातून जुना हप्ता भरला असेल तर मी त्याला वसुली मानत नाही.

वर्ग खात्याला नसतो, कर्जदाराला असतो. गृहकर्ज अगदी वेळेवर, पण टेम्पोचं कर्ज एनपीए, तर दोन्ही एनपीए. चूक होते ती ग्राहक क्रमांकात. मालकी फर्म आणि तिचा मालक हा एकच कर्जदार, पण फर्मच्या नावाने वेगळा क्रमांक उघडलेला असतो आणि सीबीएसला ती दोन माणसं वाटतात. पॅन क्रमांकावर यादी जुळवली की असे जोड बाहेर पडतात. भागीदारी फर्मचं तसं नाही, ती भागीदारापासून वेगळी. जामीनदारावरही हा वर्ग चढत नाही. एनपीएतून बाहेर येतानाही हाच हिशेब, म्हणजे सगळ्या खात्यांची सगळी थकबाकी.

स्वतःच्या ठेवीवर, एनएससी, किसान विकासपत्र किंवा विमा पॉलिसीवर दिलेलं कर्ज पुरेसं मार्जिन असेपर्यंत एनपीए धरत नाहीत. सोनेतारणाला ही सवलत नाही. सोनं तिजोरीत आहे म्हणून बरेच जण निर्धास्त असतात, पण मुदत उलटून ९० दिवस गेले की ते खातंही जातं. पीककर्जाला दिवसांऐवजी हंगाम मोजतात. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पिकाला एक. कुठल्या पिकाचा हंगाम किती, ते राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवते.

एनपीए झाल्यावर पुढची पायरी वयाची. पहिले बारा महिने दुय्यम, मग संशयित. संशयितात पहिलं वर्ष डी-१, पुढची दोन वर्षं डी-२, त्यानंतर डी-३. १५ फेब्रुवारी २०२२ ला एनपीए झालेलं खातं ३१ मार्च २०२५ ला डी-२ मध्ये असतं. नागरी बँकांना संशयितात तारणाने झाकलेल्या भागावर अनुक्रमे २०, ३० आणि १०० टक्के तरतूद, आणि न झाकलेल्या भागावर पहिल्या दिवसापासून १०० टक्के. बाकी १० लाख, तारणाची वसूल होण्याजोगी किंमत ६ लाख, तर डी-२ ला ४ लाख अधिक १.८ लाख, म्हणजे ५.८ लाख.

तारणाची किंमत म्हणूनच जपून तपासावी लागते. याच खात्यावर कर्ज देताना यंत्रसामग्रीचं मूल्यांकन १५ लाखांचं होतं असं धरा. आताचे ६ लाख हे त्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून एनपीए झालेलं असं खातं बारा महिने न थांबता थेट संशयितात जातं. दुय्यम वर्गात १ लाख तरतूद पुरली असती, तिथे डी-१ च्या हिशेबाने ५.२ लाख लागतात. किंमत बाकीच्या १० टक्क्यांखाली गेली तर खातं सरळ बुडीत वर्गात. जुनं मूल्यांकन फाइलला तसंच लावून ठेवणं म्हणजे ही तरतूद पुढच्या वर्षावर ढकलणं, आणि ढकललेली तरतूद लेखापरीक्षणात एकदम अंगावर येते.

व्याजाकडेही लक्ष हवं. एनपीए खात्यावर आकारलेलं पण हातात न आलेलं व्याज उत्पन्नात धरता येत नाही, ते थकीत व्याज तरतुदीत न्यावं लागतं. आधी उत्पन्नात घेतलेलं आणि वसूल न झालेलंही परत फिरवायचं. ही फिरवाफिरव चुकली की ताळेबंदाच्या दोन्ही बाजू तपासाव्या लागतात, म्हणून मी नव्या एनपीए खात्यांची व्याज-नोंद एकेक करून पाहतो.

एनपीएची तारीख शेवटी पुन्हा एकदा बघायची, कारण पुढची वसुली तिच्यावर उभी राहते. सरफेसी कायद्याच्या (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस खातं एनपीए झाल्यावरच काढता येते, आणि नोटिशीतली तारीख व सीबीएसमधली तारीख वेगळी निघाली तर कर्जदाराला हरकतीचा मुद्दा आयता मिळतो. (हा कायदा सहकारी बँकांना लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० ला ठरवलं. तो खटला आपल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचा.) लेखापरीक्षकांना तारीख मान्य झाली नाही तर ते मागची खरी तारीख लावतात, वय तिथून मोजलं जातं आणि दुय्यममधलं खातं एका दिवसात डी-१ मध्ये जाऊन बसतं.

२०२१ च्या त्याच परिपत्रकाने कर्जकरारात देय तारखा आणि एसएमए-एनपीएची उदाहरणं लिहायला सांगितली आहेत. बऱ्याच ठिकाणी परिपत्रकातलंच उदाहरण जसंच्या तसं छापतात. आम्ही मंजुरीपत्रावर त्या कर्जदाराच्याच पहिल्या हप्त्याची तारीख घेऊन चार ओळी मराठीत लिहितो: हप्ता अमुक तारखेला, नाही आला तर अमुक तारखेला एसएमए-१, अमुक तारखेला एसएमए-२, अमुक तारखेला एनपीए. सही घेण्याआधी त्या चार ओळी कर्ज अधिकाऱ्याने कर्जदाराला वाचून दाखवायच्या.