हलक्या रेडची वही: मोर्गोंच्या दोन बाटल्या

हलकी रेड वाइन म्हणजे पाणचट वाइन, हे माझं जुनं मत या आठवड्यात पार मोडीत निघालं. फ्रान्समध्ये लिऑनला राहून शेजारच्याच बोजोले या वाइनच्या मुलखाकडे नाक मुरडायचं म्हणजे कोकणात राहून कोकमाला नावं ठेवण्यासारखंच, पण ठेवत होतो खरा.

दोन्ही बाटल्या बोजोलेतल्या मोर्गों भागातल्या, लापिएर कुटुंबाच्या. एकच वर्ष, एकच द्राक्ष. फरक इतकाच की 'एन' बाटलीत वाइन टिकवणारं सल्फर अजिबात घातलेलं नाही आणि 'एस'मध्ये अगदी किंचित.

शुक्रवार. आधी 'एस' उघडली आणि घोळ घातला. बाटली चुलीशेजारच्या फडताळात होती, तिथे २६ अंश. पहिल्या घोटाला अल्कोहोलचा भपका, फळ शिजून मुरांबा झालेलं. वाईट शेरा लिहून मोकळा होणार होतो. मग बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवली, वीस मिनिटांनी १४ अंशांवर परत चाखली. ही तीच वाइन? पिकलेलं करवंद, मागे ओल्या दगडाचा वास, आणि तोंडाला पाणी सुटेल असा आंबटपणा. जीभ कोरडी पडणं जवळजवळ नाहीच.

तो मऊपणा कुठून येतो हे नव्या मंडळींसाठी लिहून ठेवतो. द्राक्ष गामे, पातळ सालीचं. १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने त्याला आपल्या मुलखातून हाकललं होतं. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर मात्र ते छान रमलं. इथे घड चिरडत नाहीत, देठांसकट पिंपात भरतात. तळाचे मणी वरच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो, त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने पिंप भरतं. वरचे अख्खे मणी त्या हवेविना वातावरणात आतल्या आत आंबतात. रस सालीत फार घोळत नाही, म्हणून तुरटपणा कमी आणि फळ जास्त. स्वस्त नूव्होचा, म्हणजे त्याच वर्षीच्या कोवळ्या बोजोलेचा, केळ्यासारखा वासही याच पद्धतीशी जोडला जातो, म्हणून मी इतकी वर्षं फसलो.

मार्सेल लापिएरने १९७३ मध्ये घरची बाग हाती घेतली. पुढे ज्यूल शोव्हे या रसायन जाणणाऱ्या वाइन-व्यापाऱ्याचं ऐकून त्याने रासायनिक फवारण्या सोडल्या, बाजारचं यीस्ट सोडलं, सल्फर जवळपास सोडलं. रसायन शिकलेल्या माणसाने रसायनं सोडायला सांगावीत, याची मला फार गंमत वाटते. मार्सेल २०१० मध्ये गेला. आता मुलं, मात्यू आणि कामिय, बाग बघतात.

शनिवार. 'एन', थेट १३ अंशांवर. जराशी गढूळ. उघडल्याबरोबर काडेपेटीसारखा वास आला. ग्लास दोन-तीनदा गोल फिरवला, गेला. मग गुलाब, रासबेरी, आणि 'एस'मध्ये न सापडलेली एक चपळाई. भाजणीचं थालीपीठ आणि लोण्याबरोबर घेतली. लोण्याला आंबटपणा बरोबर कापतो. लसणाच्या चटणीबरोबर मात्र घेऊ नका, तिखटापुढे सगळं फळ गायब.

रविवार. 'एस'चा उरलेला ग्लास फ्रिजमधून काढला, अजून ताजा. 'एन' उरलीच नव्हती, त्यामुळे तिची रविवारची नोंद कोरी.

दुसरी 'एन' आणलीय. या वेळी तळघरात ठेवलीय, थर्मामीटरसकट.