रात्रीची वही

झोपण्याआधी बायबलमधलं एक स्तोत्र वाचायचं आणि देवाला वहीत लिहायचं, हा माझा नेम. आज १३ वं स्तोत्र होतं. पहिल्या दोनच वचनांत ते रचणारा दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो, कुठवर? आणि सहाव्या, शेवटच्या वचनात तो गातो. मध्ये परिस्थिती पालटल्याचं कुठेच लिहिलेलं नाही!

आज कापूस विकला. ओलावा दाखवून व्यापाऱ्याने भाव पाडला. आमच्या खान्देशात हे नवं नाही, पण वर्षभराची मेहनत डोळ्यांसमोर असली की पोटात तुटतं. चर्चच्या मंडळीत सगळ्यांसमोर प्रार्थना करताना असं बोलवत नाही. वहीत बोललो. वेचणीने बोटांना चिरा पडल्यात, पेन धरताना चुरचुरत होतं, तरी पान भरलं.

गाण्यापर्यंत मात्र पोचलो नाही. ८८ वं स्तोत्रही अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. याचा मला फार आधार वाटतो.

शेवटी प्रार्थनेच्या यादीत त्या व्यापाऱ्याचंही नाव लिहिलं. जड गेलं, पण लिहिलं.