पंपघर अपडेट: व्हिजप्लेनचा चोर सापडला, आणि तो छतात होता

पंपघर हा डूम या जुन्या गोळीबाराच्या खेळासाठी मी बनवत असलेला मॅप, आणि त्यातल्या एका बगचं मूळ अखेर कळलं. मागच्या अपडेटमध्ये ज्याच्यावर डोकं आपटत होतो तोच प्रकार: पंपघराच्या मोठ्या हॉलमध्ये पश्चिमेच्या कठड्यावर उभं राहून टाकीकडे बघितलं की चॉकलेट डूम (मूळ इंजिन त्याच्या मर्यादांसकट हुबेहूब चालवणारा चाहत्यांचा पोर्ट) कधी निमूट चालायचं, तर कधी ‘नो मोअर व्हिजप्लेन्स’ म्हणून बंद पडायचं. (व्हिजप्लेन म्हणजे इंजिन एकत्र रंगवतं तो जमिनीचा किंवा छताचा तुकडा.) जागा तीच, कोन तोच, दारं तशीच. अल्टिमेट डूम बिल्डर या मॅप एडिटरमधला व्हिजप्लेन एक्सप्लोरर त्या कठड्यावर ११९ दाखवत होता. मूळ इंजिनची मर्यादा १२८. म्हणजे नऊची सवड असायला हवी होती.

आणि हाच मॅप २०२४ च्या अधिकृत आवृत्तीत लोण्यासारखा चालतो. नाइटडाइव्ह कंपनीने आपल्या केक्स इंजिनवर बांधलेली ती ‘डूम + डूम टू’. कठड्यावर हवं तितकं उभं राहा, गोल फिरा, काही होत नाही. समुदायाच्या बाकी पोर्टांतही तेच: जीझेडडूममध्ये नाही, वूफमध्ये नाही, डीएसडीएमध्येही नाही. मर्यादा कोणीच पाळत नाही, मग तक्रार कोण करणार? मागच्या वेळी दोघातिघांनी सुचवलंच होतं की चॉकलेट सोडून दे, आज त्यावर किती लोक खेळतात? मुद्दा बरोबर आहे. पण १९९३ च्या इंजिनच्या चौकटीत राहून मोठा हॉल उभा करायचा हीच या मॅपची सगळी मजा आहे. चौकट काढली तर माझ्यापुरता तो मोठा हॉल उरतो, बाकी काही नाही.

तर शोध कसा लागला ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे डेमो, खेळाचं रेकॉर्डिंग. चॉकलेट डूमची एक सोय फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: रेकॉर्डिंग चालू असताना इंजिन एरर देऊन पडलं तरी तोवरचा डेमो फाइलमध्ये उतरतो. म्हणजे पडझडीपर्यंतचा अख्खा प्रवास हातात मिळतो. सेकंदाला ३५ टिक (खेळाच्या घड्याळाचे ठोके), टिकला चार बाइट. तीन मिनिटं खेळलात तरी पंचवीस हजार बाइटच्या आसपास. आणि डूमचे यादृच्छिक आकडे २५६ नोंदींच्या ठरलेल्या तक्त्यातून येत असल्यामुळे तो डेमो परत लावला की दर वेळी नेमक्या त्याच टिकला पडतो. ‘कधी कधी होतं’ या वर्गातला बग ‘हमखास होतं’मध्ये आला, यातच निम्मं समाधान होतं.

दुसरी गोष्ट डीएसडीएची. तिथे ‘आयडीरेट’ टाइप केलं की पडद्यावर सेग (भिंतींचे तुकडे), व्हिजप्लेन आणि स्प्राइटचे (राक्षस, वस्तू यांची चपटी चित्रं) आकडे जिवंत दिसतात. सॉफ्टवेअर रेंडरर, ४:३, कमी रिझोल्यूशन (रुंद पडद्यावर दृष्टिक्षेत्र वाढतं आणि आकडा उगाच फुगतो), आणि कठड्यावर जाऊन उभा राहिलो. माउसला हात लावला नाही, कीबोर्डला नाही. आकडा नाचत होता! ११८, १२३, १२६, १३१, परत १२०. खेळाडू स्थिर, राक्षस झोपलेले, दारं बंद. मग हलतंय काय?

दिवे हलत होते.

हॉलच्या छतात आठ दिव्यांची पॅनेल आहेत, प्रत्येक पॅनेल एक सेक्टर (एकाच उंचीचा आणि प्रकाशाचा मॅपचा भाग), त्याचा टाइप ८, म्हणजे मंद कमीजास्त होणारा ग्लो. आता इंजिन काय करतं ते बघा. दोन सपाट पृष्ठभाग एकाच व्हिजप्लेनमध्ये बसायचे तर फ्लॅट (त्यांच्यावरचं चित्र), उंची आणि प्रकाशपातळी या तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात. (तेवढं जुळूनही पडद्यावरच्या स्तंभांची टक्कर झाली तर इंजिन नवं व्हिजप्लेन काढतंच, पण तो वेगळा वैताग.) ग्लोचा सेक्टर दर टिकला आठने खाली येतो, तळ गाठला की आठआठने वर चढतो. माथा म्हणजे सेक्टरची स्वतःची पातळी. तळ म्हणजे शेजारच्या सेक्टरांतली सर्वांत कमी पातळी. माझी सगळी पॅनेल १९२ वर, पण शेजार वेगवेगळा: कुणाशेजारी ९६, कुणाशेजारी ११२, पायऱ्यांच्या वर १२८, टाकीपाशी १४४. म्हणजे कुणाचा फेरा लांब, कुणाचा आखूड. मॅप सुरू होताना सगळी एकत्र निघतात आणि सेकंदाच्या आतच त्यांची फाटाफूट होते. आठही पॅनेल एका पातळीवर असण्याचा क्षण अधूनमधून येतो, तेव्हा चॉकलेट खूश. बाकी वेळ प्रत्येकाची पातळी निराळी. त्यात सेक्टरचा प्रकाश छत आणि जमीन दोघांनाही लागू, त्यामुळे एका पॅनेलमागे दोन व्हिजप्लेन.

एक्सप्लोररचा यात दोष नाही. तो मॅप जसा फाइलमध्ये आहे तसा मोजतो, दिव्यांचे थिंकर (दर टिकला चालणारा कोड) चालवत नाही. हे साधन नसतं तर व्हॅनिला (मूळ इंजिनच्या मर्यादांत चालणारा) मॅप बनवायच्या फंदात मी पडलोच नसतो, तेव्हा त्याला नावं ठेवणार नाही. पण ज्यांच्या मॅपमध्ये ग्लो किंवा स्ट्रोब (लुकलुकणारे दिवे) आहेत त्यांनी त्याच्या आकड्यात दहापंधरा मनातल्या मनात मिळवावेत.

उपाय पहिला. हा मला फार आवडला, कारण फुकटात झाला. प्रकाशाची पातळी ० ते २५५ असते, पण रंगवताना इंजिन तिला सोळाने भागून १६ पायऱ्यांत बसवतं. म्हणजे १६० आणि १६८ पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. व्हिजप्लेन शोधताना मात्र हा भागाकार होत नाही, तिथे १६० वेगळा आणि १६८ वेगळा! पायऱ्यांवर मी आठआठच्या टप्प्यांनी उतरता प्रकाश दिला होता. निम्मे टप्पे डोळ्यांना दिसतच नव्हते आणि तरी व्हिजप्लेन खात होते. सगळे सोळाच्या पटीत आणले. कठड्यावरचा आकडा सातने खाली, दिसण्यात तसूभर फरक नाही. हार्डवेअर रेंडररमध्ये खेळणाऱ्यांना पूर्वीचा मऊ उतार थोडा टप्प्याटप्प्याचा वाटेल. चालेल.

तरीही वाईटात वाईट क्षणाला आकडा १२४. काठावरच. कठड्यावरून दोन पावलं उजवीकडे सरकलं की पुन्हा १२७.

इथपर्यंत लिहून पुढे ‘आता चार पॅनेलचा ग्लो काढून टाकणार’ असं जाहीर करायचं ठरलं होतं. आठही पॅनेल जोडून एकच सेक्टर करणं शक्य नाही, कारण खालची जमीन पायऱ्यांची आहे, उंच्या वेगळ्या. बूम या वाढीव इंजिनच्या नियमांत गेलो तर छताचा प्रकाश दुसऱ्या सेक्टरकडून घेता येतो, लाइनडेफ (मॅपमधली रेघ) प्रकार २६१ चं कामच ते, पण मग व्हॅनिला सुटलं. पण हे लिहिता लिहिताच ‘शेजारच्या सेक्टरांतली सर्वांत कमी पातळी’ या वाक्याशी अडखळलो. शेजार म्हणजे कोण? इंजिनच्या लेखी ज्याच्याशी दुतर्फा लाइनडेफ सामाईक आहे तो. तो शेजारी हॉलमध्येच असला पाहिजे असं कुठे आहे?

लिहिणं थांबवलं, एडिटर उघडला.

मॅपच्या बाहेरच्या रिकाम्या पोकळीत एक ९६ पातळीचा डमी सेक्टर काढला. त्याच्या कडेने आठ इवलेसे त्रिकोण, प्रत्येक त्रिकोण एकेका पॅनेलच्या सेक्टरला जोडलेला. आता आठही पॅनेलना ९६ चा एक समान शेजारी मिळाला. माथा सगळ्यांचा १९२, तळ सगळ्यांचा ९६, वेग सगळ्यांचा तोच, सुरुवात सगळ्यांची एकाच टिकला. फाटाफूट व्हायला जागाच उरली नाही. आठही दिवे एकदम चढतात, एकदम उतरतात, आणि खरं सांगायचं तर पंपघराला हेच जास्त शोभतं. पूर्वी ते आठ सुटे दिवे होते, आता एका यंत्राची धाप लागल्यासारखे वाटतात.

कठड्यावरचा सर्वोच्च आकडा आता ११५. जिथे १२७ होता तिथे ११८. पडझडीचा तो जुना डेमो नव्या मॅपवर लावला आणि तो तुटला नाही: ग्लो यादृच्छिक तक्त्याला हात लावत नाही, त्यामुळे त्याचा तळ बदलला तरी राक्षसांच्या चालीत फरक पडत नाही. ज्या टिकला चॉकलेट मरायचं ती टिक शांतपणे निघून गेली आणि डेमो आपल्या वेळेला संपला. खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

हीच युक्ती करणाऱ्यांसाठी दोन सूचना. डमी मॅपच्या एकूण चौकोनाच्या आतल्या पोकळीत ठेवा, बाहेर दूर कुठेतरी नको. नाहीतर ब्लॉकमॅपचा (टकरी तपासायच्या चौकटींच्या जाळीचा) आरंभबिंदू सरकतो आणि जुने डेमो बिघडू शकतात. आणि हलणाऱ्या सेक्टरवर, लिफ्ट वगैरेंवर, हे करू नका. सेक्टरचा आवाज त्याच्या बाह्यचौकोनाच्या मध्यातून येतो, लांबचा तुकडा जोडला की लिफ्ट इकडे आणि घरघर भलतीकडून. माझी पॅनेल मुकी आहेत म्हणून निभावलं.

आता तो जुना वाद, अधिकृत आवृत्ती चांगली की समुदायाचे पोर्ट. मागच्या पोस्टखाली बराच रंगला होता, तेव्हा माझं मत देऊन टाकतो. हा बग अधिकृत आवृत्तीवर बसून मला जन्मात सापडला नसता. ती वाईट आहे म्हणून नव्हे. ती खेळणाऱ्यासाठी बांधली आहे, आणि खेळणाऱ्याला व्हिजप्लेनचा आकडा कशाला हवा? चॉकलेट मुद्दाम मोडतं, डीएसडीए मोजून दाखवतं, वूफ झटपट खेळून बघायला उत्तम. तिघांचा कोड उघडा आहे. एखादी शंका आली की आर_प्लेन फाइल उघडायची आणि वाचायचं. वरचं भागाकाराचं गुपित मला तिथेच मिळालं. केक्सचा कोड बंद आहे, तिथे नुसते अंदाज बांधायचे.

पण २०२४ च्या आवृत्तीला ‘नुसती पैसे काढायची पुन्हापुन्हा विक्री’ म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. २०१२ च्या बीएफजी आवृत्तीने मेडकिटवरचा लाल क्रॉस काढून तिथे गोळी काढली आणि वुल्फेनस्टाइनच्या गुप्त लेव्हलवर सेन्सॉरची कात्री चालवली. त्या वॅडसाठी (डूमच्या डेटा फाइलसाठी) पोर्टवाल्यांना वेगळी सोय करावी लागली, आणि टेस्टिंगला ते वॅड मी आजही वापरत नाही. २०१९ ची आवृत्ती आली तेव्हा एकट्याने खेळायलासुद्धा लॉगिन मागत होती. पुढे ते काढलं, पण मन उडायचं ते उडालंच. २०२४ वाली मात्र बूम आणि एमबीएफ२१ चालवते. हे तर आपल्याच लोकांनी घडवलेले ठराव, म्हणजे मॅपसाठीची मानकं! १९९७ च्या डिसेंबरात डूमचा मूळ कोड बाहेर आला, १९९८ मध्ये बूम, त्यातून एमबीएफ (ज्यात मदतनीस कुत्रे होते तेच), मग प्रबूम, मग २०२१ चं एमबीएफ२१, आणि तिथून थेट विकत मिळणाऱ्या खेळात. वर अधिकृत आवृत्तीवाल्यांनी आयडी२४ नावाचा नवा ठराव रचून ‘लेगसी ऑफ रस्ट’ हा नवा भाग त्यावर बांधला, आणि आता समुदायाचे पोर्ट त्यातले तुकडे उचलतायत. देवघेव दोन्ही बाजूंनी चालली आहे. क्वेकचंही तसंच: २०२१ च्या आवृत्तीतला नवा माल आयर्नवेल या समुदायाच्या पोर्टमध्ये चालवणं हे माझ्या मते आजचं सर्वांत छान जुळणारं जोडपं. माल त्यांचा, इंजिन आपलं.

एकच गोष्ट मला खुपते. अधिकृत आवृत्तीत मॅप बिनतक्रार चालतो हे बघून नवीन मॅपकार त्याला ‘व्हॅनिला’ म्हणून मोकळे होतात. तो व्हॅनिला नसतो, लिमिट-रिमूव्हिंग असतो, म्हणजे मर्यादा उठवलेल्या इंजिनसाठीचा. लेबल लावण्याआधी चॉकलेटमध्ये एकदा पूर्ण खेळा, सगळे दिवे चालू असताना.

बाकी किरकोळ. उत्तरेच्या जाळीवरचा मेडुसा (भिंतीवर रंगांचे उभे पट्टे उमटवणारा बग) गेला, दुतर्फा भिंतीवरचं टेक्स्चर अनेक पॅचचं (चित्रांचे तुकडे जोडून केलेलं) होतं, स्लेड या एडिटरमध्ये एकाच पॅचचं करून टाकलं. कठड्याखालचे इम्प राक्षस जिन्यात अडकत होते, त्यांना पुढे सरकवलं. निळ्या किल्लीची खोली अजून रटाळ आहे.

आता पुढचं. मूळ बेत हॉल संपवून थेट बोगद्याकडे जायचा होता, पण व्हिजप्लेनची सवड मिळाल्यावर टाकीच्या मागची बुजवलेली खिडकी परत उघडायचा मोह होतोय. खिडकीतून बाहेरचं आकाश दिसेल, आणि आकाशाची छतं उंची व प्रकाश कितीही वेगळे असले तरी इंजिन एकाच हिशोबात धरतं, म्हणजे स्वस्त पडावं. भीती ड्रॉसेगची (एका वेळी रंगवायच्या भिंतींच्या तुकड्यांची): २५६ च्या वर गेलं की चॉकलेट एररही देत नाही, भिंती गुपचूप गायब होतात. शिवाय सेव्हगेमची १,८०,२२४ बाइटची मर्यादा मी अजून तपासलेलीच नाही, आणि शेवटच्या झुंडीत राक्षस बरेच आहेत. आधी ते बघतो. झुंडीच्या ऐन मध्यात सेव्ह करून टिकलं तर खिडकी उघडेन, नाहीतर बोगद्यातले निम्मे झॉम्बी जातील. ज्यांना कठड्यावर स्वतः उभं राहून बघायचंय त्यांनी कळवा, चाचणीचं वॅड आणि पडझडीचा डेमो दोन्ही पाठवतो. फक्त डीएसडीएमध्ये लावणार असाल तर कॉम्पलेव्हल २ (मूळ इंजिनसारखं वागायची सेटिंग) द्यायला विसरू नका.